झाकलेला बाजार

मूर्तिजापुरात बहिणीकडे मुक्काम होता. जेवणं आटोपल्यावर भाच्यानं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "मामा, एकदा खेळून तर पाहा." पुढच्या वीस मिनिटांत मी इस्तंबूलच्या छपरांवरून चार वेळा पडून मेलो.

खेळ होता 'असॅसिन्स क्रीड: रेव्हलेशन्स', युबिसॉफ्टचा, २०११ सालचा. त्यातलं शहर १५११ चं कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. नायक इझिओ पन्नाशी ओलांडलेला, म्हणजे माझ्याच वयाचा. पण तो मनगटाला बांधलेल्या हुकाच्या जोरावर दोरावरून घसरत जातो, आणि मला गच्चीचा जिना चढताना गुडघा आठवतो.

भाचा अमरावतीला गेम डिझाइन शिकतो. त्याला परीक्षेसाठी एक 'लेव्हल', म्हणजे खेळातला एक टप्पा, करून द्यायची होती. विषय, आपल्या भागातला जुना बाजार. त्याच्या डोक्यात मात्र या खेळातला ग्रँड बझार पक्का बसला होता. कमानींखालच्या गल्ल्या, वरच्या झरोक्यातून खाली येणारा उजेड, दोन्ही बाजूंना गालिचे, दिवे. खरा बाजार आजही उभा आहे. १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमेदनं दोनेक वर्षांत त्याचं काम सुरू करवलं. त्याच्या पोटात दोन जुन्या दगडी इमारती आहेत, त्यांना बेदेस्तेन म्हणतात. एकीवर १५ घुमट, दुसरीवर २०. आज साठेक गल्ल्या आणि चार हजारांच्या आसपास दुकानं.

मी मात्र खोड काढलीच. या दोन बेदेस्तेनांच्या मधल्या गल्ल्यांवर पक्की कमानदार छतं आली ती आगींना कंटाळून १६९६ मध्ये केलेल्या कायद्यानंतर. म्हणजे इझिओच्या काळानंतर पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी. भाचा म्हणाला, "जाऊ द्या ना मामा, दिसते तर भारी." ते काही खोटं नव्हतं.

"आपल्याकडं असा छताचा बाजार कुठी आहे?"

मी बेधडक सांगून टाकलं, "कारंज्याला." देशातला पहिला नियंत्रित, म्हणजे सरकारी नियमांखाली चालणारा, बाजार कारंज्याचा, एवढं वाचलेलं होतं. त्यावर कमानी मी माझ्या मनानंच बांधल्या. चूक माझीच.

सकाळी एसटी धरली. या वाटेवर पूर्वी शकुंतला धावायची, मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटरची नॅरोगेज. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत राबलं. आता गाडी बंद आहे. रुळांच्या कडेनं बाभळी माजल्यात. मँचेस्टरचं नाव भाच्याला मी मुद्दाम सांगून ठेवलं, कारण कारंज्यात ते पुन्हा येणार होतं.

कारंज्यात उतरल्यावर आधी वेशी पाहिल्या. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस. ज्या गावाकडे तोंड, त्याचं नाव. भाच्यानं दिल्ली वेशीचे चाळीसेक फोटो काढले. मी त्याला कस्तुरीच्या हवेलीची गोष्टही सांगितली, की एका सावकारानं बांधकामाच्या चुन्यात कस्तुरी मिसळली होती म्हणे. त्यानं विचारलं, "वास येते का अजून?" मी पुढे चाललो.

बाजाराला छत नव्हतं. म्हणजे होतं, पण ताडपत्र्यांचं. एका पालावर खताच्या पोत्यांची शिवलेली झूल, दुसऱ्यावर कुणाचंतरी विटकं लुगडं. दोऱ्या अशा ताणलेल्या की मान खाली घालूनच चालावं लागत होतं. निळ्या ताडपत्रीखालची वांगी निळी दिसत होती, आणि ती विकणाऱ्या बाईचा चेहराही. ठेच्यासाठी मिरच्या निवडणारी एक म्हातारी प्रत्येक मिरची पालाबाहेर उन्हात धरून पाहत होती. भाच्याचं तोंड पडलं होतं. "मामा, याच्यावरून पळता कसं येईन?"

एका जुन्या कापड दुकानात आम्ही पाणी प्यायला थांबलो. मालक गादीवर तक्क्याला टेकलेले, मागे भिंतभर कप्पे, पायाशी गज. मी भाच्याला म्हटलं, तुझा ग्रँड बझार एकोणिसाव्या शतकापर्यंत असाच होता. व्यापारी फळ्यांच्या बैठकीवर बसायचा, मागे कप्पे, सहा-आठ फूट रुंदीची जागा. तिला दोलाप म्हणत. दुकानावर पाटी नाही, जाहिरात नाही. एका गल्लीत एकाच धंद्याची माणसं. गिऱ्हाईकानं येऊन बसायचं आणि घासाघीस करायची. तुझ्या खेळात मात्र लोहार असो की शिंपी, भाव ठरलेला. पैसे टाका, माल उचला. एवढा मोठा बाजार बांधला आणि घासाघीस तेवढी विसरले!

त्यानं फोन खाली ठेवला. तेव्हा मी त्याला १८८६ सांगितलं. वऱ्हाड तेव्हा निजामाचं, पण कारभार इंग्रजांचा. हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीच्या, हुकमानं कारंज्याचा कापूस बाजार नियमांखाली आला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. शेतकऱ्याचा कळवळा हे काही त्याचं मोठं कारण नव्हतं. मँचेस्टरच्या गिरण्यांना चोख कापूस रास्त भावात हवा होता. तरी वजनं आणि दलाल यांना काहीतरी चौकट आली.

"त्याच्या आधी काय होतं?" त्यानं विचारलं. ते मला सांगावं लागलं नाही.

परतीच्या वाटेवर एका गावात बैलबाजार भरला होता. आम्ही उतरलो. धुरळा, शेणाचा वास, रंगवलेली शिंगं. एका चार दाती जोडीभोवती सौदा चालू होता. दलालानं खांद्यावरचा दुपट्टा गिऱ्हाइकाच्या हातावर टाकला आणि दुपट्ट्याखाली दोन हात एकमेकांत गेले. तोंडानं कुणी आकडा बोलेना. दलाल नुसता म्हणत होता, "हे घे. आता हे. बोल." गिऱ्हाईक मान हलवी, हात काढून घेई. कापड तेवढं हलत होतं. बैल शांतपणे रवंथ करत उभे.

भाच्यानं फोन दुपट्ट्याजवळ नेला. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं त्याच्या मनगटावर चापट मारली.

"ए पोट्ट्या, कायले मधात घुसून राह्यला? सौदा आहे तो, वरात नाही."

मी माफी मागितली. त्या म्हाताऱ्याचा, आबाजींचा, राग तेवढ्यावरच गेला. त्यांनी आपला दुपट्टा भाच्याच्या हातावर टाकला आणि त्याची दोन बोटं धरली.

"सांग किती?"

"दोन."

"दोन काय? शंभर का हजार? आधी ठरवा लागते ना बाप्पा."

मग पाचही बोटं, मग आणखी काहीतरी. भाचा हसायला लागला. दरवेळी चुकत होता. आबाजी म्हणाले, पूर्वी कापसाचे, धान्याचे सौदेही असेच होत. शेजारच्याला भाव कळू नये म्हणून. बाजार समितीत आता उघडा लिलाव होतो, बैलबाजारात मात्र हे टिकलं.

भाच्यानं विचारलं, "पण आबाजी, ज्याचा बैल आहे त्याले कसं कळते, किती ठरलं ते?"

"दलाल सांगन तेवढं."

तो गप्प झाला. जोडीचा मालक चार पावलांवर उकिडवा बसून दोघांच्या तोंडाकडे पाहत होता.

एसटीत भाच्यानं वहीत कमानी खोडल्या. ताडपत्र्या ठेवल्या. मधोमध एक चौकोन काढून लिहिलं: 'खेळणारा बैलाचा मालक. आकडा दिसणार नाही.' मग माझा रुमाल मागून घेतला आणि त्याखाली माझी तीन बोटं दाबली. मी म्हटलं तीन, तो म्हणाला तीनशे, आमचं भांडण रंगलं.

कंडक्टर येऊन उभा राहिला. "किती?"

मी रुमाल बाजूला करून दोन बोटं दाखवली.