फेस

दुपारी जेवून लवंडलो होतो. नजर सहज टबाकडं गेली तर पाण्यावर फेस. "भांड्याचा साबण उडाला असेल," बायको आतूनच म्हणाली. साबण कसला? आमच्या फायटर माशानं घर बांधायला घेतलं होतं. वर यायचं, हवेचा घोट घ्यायचा, तोंडात घोळवून चिकट बुडबुडा सोडायचा, परत खाली. संध्याकाळपर्यंत पुरीएवढा फेस झाला.

खरं तर मला हवा होता पाईपफिश. लहानपणी मामाकडं रत्नागिरीला कोलंबीच्या वाट्यातनं एक वाळकी काडी आली होती. मामी फेकायला निघाली तेव्हा दिसलं, काडीला डोळे आहेत! तेव्हापासूनचं हे खूळ. त्यांच्यात अंडी नर सांभाळतो, पोटाशी धरून. शिवाय या माशाला जठरच नाही, त्यामुळं दिवसभर खात राहायचं, तेही जिवंत, तेही नळीएवढ्या तोंडात मावेल तेवढंच. दुकानदाराला विचारलं तर त्यानं आधी दाराकडं बघितलं. "सर, ते नाव काढू नका. समुद्रघोड्याची भावकी हाय ती. 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल वनमध्ये. वाघाच्या पंगतीला." मी गुमान फायटरची मादी घेऊन आलो.

अंडी पडली तसं मादीला बाहेर काढलं, नाहीतर यानंच तिला फाडली असती. मग हा एकटा. फेसातनं अंडं निसटलं की खाली झेप, तोंडात धरून परत वर चिकटवायचं. दीड दिवसात पिल्लं फुटली. पिल्लं कसली, शेपट्या खाली सोडून लोंबणारे स्वल्पविराम. तीही निसटायची, तीही हा तोंडातनं वर नेऊन ठेवायचा. तेवढे दिवस त्याला खायला घालत नाहीत. मीही घातलं नाही.

पिल्लांच्या खाण्याची तऱ्हा वेगळीच. आधी सूक्ष्मजीव, म्हणजे केळ्याची साल बरणीत कुजवायची. ती बरणी डेंग्यूच्या अळ्या तपासायला आलेल्या ताईंनी नाक दाबून मोरीत ओतली. मी नुसता बघत राहिलो, कारण सांगणार काय? मग आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारकुसे जीव. तपकिरी भुकटीसारखी अंडी, लिटरभर पाण्यात पाच चमचे खडेमीठ, खाली हवेची नळी. दुसऱ्या दिवशी बॅटरी धरली की नारिंगी ठिपके उजेडाकडं धावतात. गाळायचे, गोड्या पाण्यात धुवायचे, ड्रॉपरनं सोडायचे. आणि मग भिंगातनं बघावं, काचेसारख्या पिल्लांची पोटं एकेक करून नारिंगी होत जातात. चहा गार होतो.

फेसावरनं आठवलं. कोल्हापुरातला गंगावेशीतला दुधाचा कट्टा. संध्याकाळी वडील सायकलच्या नळीवर बसवून न्यायचे. समोर म्हैस, चरवीत धारांचा आवाज, आणि ग्लासात निम्मं दूध, निम्मा फेस. मला तो फेस मुळीच आवडायचा नाही. कोमट, म्हशीचा वास मारणारा. पण ओठावर त्याच्या मिशा उमटल्या की वडील हसायचे आणि रुमालानं पुसायचे. ग्लास नेहमी एकच घ्यायचे. "मला पचत नाही," म्हणायचे. घरी रात्री दूधभात कालवून खाणारा माणूस. हे माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं गेली.

पिल्लं आडवी पोहायला लागली की बापाला बाहेर काढायचं असतं. त्यानंतर तो त्यांना खाण्याचा धोका असतो. आमचा तसा निघाला असता का, हे बघायला मी थांबलो नाही. बरणीत ठेवला, पोटभर खायला घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर रिकाम्या बरणीत परत फेस. बायकोनं डोकावून बघितलं. या वेळी साबणाचं नाव काढलं नाही.

पिल्लं किती झाली विचारू नका. रोज मोजतो, रोज वेगळी भरतात.