मीटरमधला निळा दिवा

गाडी दुसऱ्यांदा आली ती मागून चेपलेली. डावा टेल लॅम्प फुटलेला, डिकीचं झाकण अडकलेलं. काका उतरले आणि म्हणाले, "आधी पुढचं बघा. मागचं काय, दिसतंयच."

पहिल्यांदा आली होती ती बारा दिवस आधी. तेव्हाची तक्रार अशी: दिवसा दोन्ही डीआरएल, म्हणजे इंजिन चालू असताना दिवसाही पुढे लागणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या, झकास. संध्याकाळी हेडलाइट लावला की डावीकडचा डीआरएल विझतो आणि तो हेडलाइटही आजाऱ्यासारखा पिवळा पडतो. उजवीकडे सगळं ठीक. जाता जाता ते आणखी एक म्हणाले, "आणि तो मीटरमधला निळा दिवा आहे ना, अप्परचा, तो डिप्परवर असतानाही मिणमिणतो. अगदी बारीक." मी मान हलवली. हे वाक्य मी ऐकलं होतं, एवढंच म्हणू शकतो.

मी डीआरएलच्या मागे लागलो. आजकाल सगळेच लागतात, कारण ती गाडीतली नवी आणि महागडी वस्तू, आणि बिघाड नेहमी नव्या वस्तूतच असणार अशी आपली समजूत. त्या एलईडीच्या पट्टीला बहुतेक गाड्यांत दोन पॉझिटिव्ह वायरी येतात. एक दिवसाची, पूर्ण उजेडाची. युरोपात चालणाऱ्या नियमाप्रमाणे हा उजेड ४०० ते १२०० कॅन्डेला असावा लागतो, म्हणजे उन्हातही समोरच्याच्या डोळ्यात भरेल इतका. दुसरी वायर रात्रीची. हेडलाइट लागला की पट्टी मंद होऊन पार्किंग लाइटचं काम करते, नाहीतर समोरच्याला ती टोचेल. अर्थची वायर, म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट, मात्र दोन्हींना एकच. माझा निष्कर्ष पाच मिनिटांत तयार: दिवसाची बाजू चालते, रात्रीची चालत नाही, म्हणजे पट्टीच्या आतलं मंद करणारं सर्किट गेलं.

हेडलाइटच्या पिवळेपणाचं काय, असं हाताखालच्या पोराने विचारलंही. बल्ब जुना असेल म्हणून बदलला. फरक शून्य. "दादा, अर्थ बघू का?" म्हणाला. मीच मल्टिमीटर घेतला, बीपवर लावला (वाट जोडलेली असली की तो वाजतो), एक टोक कपलरच्या, म्हणजे बल्बला बसणाऱ्या वायरींच्या सॉकेटच्या, मागून अर्थच्या पिनेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बीप वाजला, कडक. "अर्थ आहे," मी म्हणालो, आणि त्याला दुसऱ्या गाडीकडे पाठवलं.

मग काकांना सांगितलं की पट्टी मागवावी लागेल, आठ-दहा दिवस जातील. त्यांनी विचारलं, तोवर काय करू? आणि मी म्हणालो, "डीआरएल चालतायत ना, पुढून गाडी दिसते. रात्रीचं फारसं जाऊ नका."

हे वाक्य मी किती ग्राहकांना म्हटलं असेल कोण जाणे.

काकांनी ते अक्षरशः पाळलं. रात्री ते बाहेर पडले नाहीत. पण संध्याकाळी, झाकोळ पडल्यावर, हेडलाइट लावला की ते विचित्र दिसतं म्हणून डीआरएलवरच घरी निघाले. पुढे उजेड पडत होता, मीटर उजळलेला होता, बसणाऱ्याला वाटावं सगळे दिवे लागलेत. मागे मात्र मिट्ट काळोख. बहुतेक गाड्यांत डीआरएल टेल लॅम्पला हातही लावत नाही. त्यासाठी स्विच निदान पार्किंगवर फिरवावा लागतो. ब्रेक दाबला असता तर लाल दिसलं असतं, पण ते नुसते सावकाश चालले होते. मागच्याला ते दिसले तेव्हा उशीर झाला होता. कुणाला लागलं नाही. हे सगळं त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं, आणि माझ्या त्या वाक्याचा उल्लेखही केला नाही.

मागवलेली पट्टी आली होती. बसवली. दिवसा झकास, हेडलाइट लावला की विझली. जुनी जशी वागत होती तशीच.

तेव्हा कुठे मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून दिवे लावले आणि निळ्या खुणेकडे पाहिलं. मिणमिणत होती. म्हणून पासिंगसाठी दांडा ओढला. पोरगा समोरून ओरडला, "दादा, डावा पूर्ण गेला! अंधार!" डिप्पर आणि अप्पर दोन्हींना एकाच वेळी करंट दिला की दिवा काळा पडतो, हे ऐकल्यावर मला मीटर हातात घ्यायची खरं तर गरजच नव्हती.

तरी लावला, या वेळी व्होल्टवर आणि दिवे चालू ठेवून. डाव्या बल्बच्या अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ८ व्होल्ट. चांगल्या अर्थवर इथे शून्याच्या आसपास यायला हवं, अगदी ०.२ आलं तरी मी बोल्ट उघडतो. ८ म्हणजे तिथे अर्थच नाही.

आता हे नीट सांगतो, कारण यातच मी फसलो. हॅलोजन एच४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ५५ वॉटचं डिप्पर आणि ६० वॉटचं अप्पर, आणि दोघांची अर्थची पिन एक. ती पिन सुटली तर डिप्परच्या फिलामेंटमधून आलेला करंट वाट शोधतो. त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून तो उलटा वर चढतो. डाव्या-उजव्या अप्परचे फ्यूज वेगळे असले तरी फ्यूजच्या मागे वायर एकच, म्हणून तिथून तो उजव्या दिव्याच्या अप्परमध्ये उतरतो आणि उजवीकडच्या अर्थने घरी जातो. तीन फिलामेंट एकामागे एक, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण चार व्होल्ट. म्हणून डावा पिवळा. निळा इंडिकेटर त्याच अप्परच्या वायरवर टांगलेला, त्यालाही चार व्होल्ट, म्हणून तो मिणमिणता. डीआरएलचा अर्थ याच जोडावर. जोड आठ व्होल्टवर चढलेला, पट्टीला उरले चार. ती विझणारच. आणि पासिंग दिलं की बल्बच्या दोन्ही पिनांवर बारा, करंटला परतायला वाट नाही, म्हणून काळोख.

मग दिवसा डीआरएल कसा लागायचा? आणि माझा बीप? दोन्हींचं उत्तर एकच. हेडलाइट बंद असताना फिलामेंट थंड असतात, आणि थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स गरम फिलामेंटच्या एक दशांशाइतकाच, जवळजवळ साध्या वायरीसारखा. डीआरएलचा थोडासा करंट डाव्या अप्परमधून, उजव्या अप्परमधून, उजवीकडच्या अर्थपर्यंत आरामात जायचा. माझ्या मीटरचा करंटही त्याच वाटेने गेला. मी डावा अर्थ तपासत होतो आणि होकार देत होता उजवा. बीप तर काही ओहमपर्यंत वाजतोच, त्याला अर्ध्या ओहमचं काय. कपलर काढून तपासलं असतं तर मीटर गप्प बसला असता. दहा सेकंदांचं काम. पोराला मी दहा वेळा सांगितलंय की बीप ही आळशी माणसाची तपासणी आहे, लोड देऊन, म्हणजे दिवे चालू ठेवून, व्होल्टेज ड्रॉप बघ. त्या दिवशी तो माझ्याकडे बघत राहिला, बोलला काही नाही. बोलायला हवं होतं.

अर्थचा बोल्ट डाव्या हेडलाइटच्या मागे, आतल्या पत्र्यावर होता. चमकदार. पत्राही चमकदार. काही महिन्यांपूर्वी तो कोपरा ठोकून रंगवला होता, ते काकांनी तेव्हा सांगितलं. पेंटरने आतल्या पत्र्यावरही सुंदर, जाड, एकसारखा रंग मारला होता, बोल्टच्या भोकातही, आणि मग थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, त्या रंगावर ठेवून बोल्ट आवळला होता. काही आठवडे बोल्टच्या आट्यांनी कसाबसा अर्थ धरला असणार, मग तोही सुटला. पेंटर लोकांना रंगाखाली लोखंड असतं आणि ते लोखंड वायरीचं काम करतं हे कुणी शिकवतच नाही. मी पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, थिंबल घासली, आवळली, वर ग्रीस लावलं. निळा दिवा विझला. डावा हेडलाइट पांढरा झाला. जुनी डीआरएल पट्टी परत लावून पाहिली, तीही उत्तम. नवी परत पाठवली.

स्वीडनने १९७७ पासून दिवसाही दिवे लावायला लावले. कॅनडाने डिसेंबर १९८९ पासून नव्या गाड्यांना डीआरएल सक्तीचे केले. तिथे पुढे लोक काकांसारखेच मागे अंधार ठेवून हिंडू लागले, आणि सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांसाठी नियम करावा लागला: डीआरएलबरोबर टेल लॅम्प लागावेत, किंवा अंधारात दिवे आपोआप लागावेत, नाहीतर मीटर काळाच राहावा म्हणजे ड्रायव्हरला चुकल्यासारखं वाटेल. हा तिसरा पर्याय मला फार आवडतो. इंजिन सुरू होताच सणासारखे उजळणारे मीटर ज्याने काढले, त्याने रात्री बंद दिव्यांनी एकदा तरी गाडी चालवून बघायला हवी होती.

माझ्या त्या वाक्याबद्दल मी काकांना काही बोललो नाही. मागच्या कामाची मजुरी घेतली नाही, त्यांनी कारण विचारलं नाही. कदाचित कळलं असेल, कदाचित मी स्वस्तात करतो असं वाटलं असेल. संध्याकाळी गाडी घ्यायला आले तेव्हा दिवे लावून आधी मीटरकडे पाहिलं. "विझला," म्हणाले. मग इंजिन चालू ठेवून खाली उतरले, पुढे काही बघितलंच नाही, सरळ गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. दोन्ही टेल लॅम्प लागलेले होते. बराच वेळ ते तिथेच होते.