देव्हारा नाही, मग महाभारत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चळवळीतले मित्र विचारतात, "तू देव मानत नाहीस, मग उशाशी महाभारत कसलं?" सासरच्या बायका उलटं विचारतात, "एवढं वाचतेस, मग साधा दिवा का लावत नाहीस?" दोघांनाही मी आजवर 'वाङ्मय म्हणून वाचते' असं सांगून वाटेला लावलं. ते खरं नाही. मी तिथे आधार शोधते, आणि तो मला अठराव्या पर्वात, स्वर्गारोहणात सापडतो.

आपल्याकडे कीर्तनात गोष्ट कुत्र्यापाशी संपते. युधिष्ठिर त्याला सोडून इंद्राच्या रथात चढत नाही, कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो, टाळ वाजतात. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. स्वर्गात त्याला दिसतो दुर्योधन, मानानं बसलेला. माझे भाऊ कुठे आहेत, असं विचारल्यावर देवदूत त्याला अंधाऱ्या वाटेनं नेतो. प्रेतं, माशा, सहन न होणारी दुर्गंधी. तो परत फिरतो, आणि अंधारातून आवाज येतात: जरा थांब, तू आलास तसा सुखाचा वारा वाहायला लागलाय. कोण तुम्ही? मी कर्ण. मी भीम. मी अर्जुन. मी द्रौपदी.

माझा धाकटा भाऊ दारूनं गेला, हे तुम्हाला माहीत आहे. शेवटी तो सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात होता. लिव्हर निकामी, पोटात पाणी, डोळे पिवळेजर्द. मधूनच भान जायचं आणि भलत्याच माणसांना हाका मारायचा. नातलग भेटायला यायचे, खाटेपासून लांब उभे राहायचे आणि त्याच्या कानावर जाईल अशा आवाजात हिशेब मांडायचे. जमीन कशी गेली, बायको माहेरी का गेली, डॉक्टरांनी किती वेळा बजावलं होतं. मोठ्या काकू म्हणाल्या, "त्यानं स्वतःच्या हातानं केलं गं. कर्माची फळं." ते खोटं होतं असं मला म्हणता येत नाही, म्हणूनच ते इतकं लागलं.

त्या रात्री मी निघाले होते. दिवसभर त्याची अंथरुणं बदलून तो वास माझ्या केसांत बसला होता, घरी जाऊन कधी एकदा अंगावर पाणी घेते असं झालं होतं. पिशवी खांद्याला लावली तेव्हा तो शुद्धीवर होता. म्हणाला, "ताई, जरा बस ना. तू असलीस की बरं वाटतं."

बसले. वारा सुटला नाही, वास गेला नाही. त्याच्या सुजलेल्या पायावर हात ठेवून पहाटेपर्यंत बसले. त्याला झोप लागली. मला देव आठवला नाही, युधिष्ठिरही आठवला नाही. तो गेल्यावर, दिवसकार्य उरकल्यावर, कधीतरी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

मग मागचं सतरावं पर्वही वेगळं दिसायला लागलं. हिमालयात एकेक जण कोसळतो, भीम कारण विचारतो, आणि युधिष्ठिर मागे वळून न बघता कारणं देत जातो. द्रौपदीचं अर्जुनावर जास्त प्रेम, सहदेवाला बुद्धीचा गर्व, नकुलाला रूपाचा, अर्जुन बढाईखोर, भीम खादाड. खाटेपाशी मांडला जात होता तो हाच हिशेब! तोच माणूस नरकात विचारतो, यांनी असं काय पाप केलं? उत्तर मिळत नाही. तो धर्माला आणि देवांना दूषणं देतो आणि देवदूताला सांगतो, तू जा, मी इथेच राहतो, माझ्या असण्यानं माझ्या भावांना बरं वाटतंय. माझ्यापाशी अध्यात्म आहे ते एवढंच. त्याला दिवा लागत नाही, म्हणून मी लावत नाही.

विशीतली मी हे ऐकून घेतलं नसतं. एकलव्याचा अंगठा विसरलीस? लाक्षागृहात पांडवांच्या जागी जळालेली निषाद बाई आणि तिचे पाच मुलगे? त्यांच्यापाशी कोण बसलं? तिचं बरोबर आहे, आणि मला आजही उत्तर देता येत नाही. दुःखात माणसाला कुठल्याही पोथीत आपला भाऊ दिसेल, असंही ती म्हणाली असती. दिसेल. मला इथे दिसला.

शिवाय महाभारत मला तिथे निवांत टेकू देत नाही. लगेच इंद्र येतो, दुर्गंधी नाहीशी होते, सगळी माया होती असं कळतं. अश्वत्थामा मेल्याचं द्रोणांना कपटानं सांगितलंस, म्हणून कपटानंच तुला नरक दाखवला, असं इंद्र म्हणतो. पुन्हा हिशेबच! दर वेळी मला इथे राग येतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून, हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती काढली. हा भाग मागाहून कुणी घुसडलेला निघावा, अशी माझी फार इच्छा होती. तो त्या आवृत्तीतही आहे.

इंद्र आला नसता तर युधिष्ठिर किती दिवस तिथे राहिला असता, हे कुठेच लिहिलेलं नाही. त्या पहाटे मला सोडवायला मावसभाऊ आला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि मी लगेच उठले होते.