वासाने त्याला पुढे ढकलले

संपादकबाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘वासाला हात आहेत का?’

शेजारी माझं वाक्य: ‘माशांच्या वासाने त्याला पुढे ढकलले.’ मूळ इंग्रजी कथेत होतं, ‘द स्मेल पुट हिम ऑफ.’ पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, हे मला शाळेपासून पाठ. परीक्षा पुढे ढकलली, सभा पुढे ढकलली, लग्न पुढे ढकललं. मग वासाने माणूस पुढे ढकलला तर मला खटकायला नको होतं? नाही खटकलं. रात्री उशिरापर्यंत अनुवाद करताना वाक्यं डोळ्यांतून थेट बोटांत जातात, मधल्या मेंदूला कुणी विचारत नाही.

त्या एका कथेत पुट ऑफ पाच ठिकाणी खुणावलं होतं. पाचांपैकी एकच बरोबर होतं, आणि तेही सहलीची तारीख बदलल्याचं होतं म्हणून. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अहो, शब्दकोशात पहिला अर्थ मिळाला की तुम्ही पुस्तक मिटता. खाली वाचत जा.”

खाली वाचत गेलो तर अर्थांची रांगच लागली. तारीख पुढे ढकलणे. माणसाला सबबी सांगून वाटेला लावणे. एखाद्या गोष्टीवरून मन उडवणे. कामात असलेल्याचं लक्ष विचलित करणे. हे सगळं एकाच जोडशब्दात कसं मावतं? दोन दिवस मी ते पाठ करत बसलो आणि तिसऱ्या दिवशी विसरलो.

मग ‘ऑफ’कडे पाहिलं. ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह द बुक’मधलं ते पुसट ‘ऑव्ह’ हे जुन्या इंग्रजीत एकच शब्द होते. जोर देऊन उच्चारलेला तो ‘ऑफ’ झाला. मूळ अर्थ ‘पासून दूर’. एवढं कळल्यावर रांगेतली सगळी मंडळी एकमेकांची नातेवाईक निघाली. तारीख आजपासून दूर सारली, सावकार दारापासून दूर सारला, मन ताटापासून दूर सारलं, लक्ष हातातल्या कामापासून दूर सारलं. आणि आपण तरी काय म्हणतो? लांबणीवर टाकणे. त्यात ‘लांब’ही आहे आणि ‘टाकणे’ही. मी इतकी वर्षं ‘पुढे ढकलणे’ला चिकटून बसलो होतो आणि हा शब्द घरातच पडून होता.

अशा जोडक्रियापदांना इंग्रजीत फ्रेजल व्हर्ब म्हणतात. हे नाव छापात आलं १९२५ साली, लोगन पिअर्सल स्मिथच्या पुस्तकात. दुखणं मात्र जुनं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच सांगून ठेवलंय की परक्यांना सर्वांत जास्त त्रास या प्रकाराचा होतो. ते वाचून मला फार बरं वाटलं.

तसं पाहिलं तर मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही. ‘एवढा भात खाऊन टाक’ म्हणताना कुणी काही टाकत नाही. ‘हे काय करून बसलो!’ म्हणणारा बहुतेक वेळा उभाच असतो. आपली संयुक्त क्रियापदं असाच खेळ खेळतात, फक्त आपण तो जन्मापासून खेळतो म्हणून दिसत नाही.

पुढची पायरी पर्यायांची, आणि इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला. समानार्थी शब्दांची यादी मिळवणं सोपं: पोस्टपोन, डिले, डिफर, प्रोक्रॅस्टिनेट. पण मी एक खोड लावून घेतली. प्रत्येक पर्याय त्याच वाक्यात घालून बघायचा. या एका जोडीने माझे डोळे उघडले:

‘द रेन डिलेड अस.’
‘द रेन पुट अस ऑफ.’

पहिल्यात पावसामुळे उशीर झाला, पण आम्ही पोचलो. दुसऱ्यात पाऊस बघूनच जायची इच्छा गेली. यादीत हे दोन शब्द शेजारी शेजारी बसतात आणि वाक्यात एक माणूस पोचतो, दुसरा घरी राहतो!

पोस्टपोनचं कूळ लॅटिन. त्याच्या पोटात ‘नंतर’ आणि ‘ठेवणे’ हेच दोन शब्द आहेत, म्हणजे तोही पुट ऑफचा कोट-टाय घातलेला भाऊ. तो कार्यक्रमाला लागतो, माणसाला नाही. सावकाराला पोस्टपोन करता येत नाही. डिफर पैशाचा हप्ता, निर्णय, प्रवेश अशा कागदी गोष्टींना शोभतो. प्रोक्रॅस्टिनेटमध्ये लॅटिनचा ‘उद्या’ दडलाय आणि त्यात दोष माणसाचा असतो. आपली ‘चालढकल’ त्याला अगदी चपखल बसते. सुरू झालेली सभा मधेच थांबवून पुढच्या वेळेवर नेली तर अ‍ॅडजर्न, आपलं ‘तहकूब’. आणि कॉल ऑफ म्हणजे सरळ रद्द. पुट ऑफ आणि कॉल ऑफ यांची गल्लत केली तर पुढल्या आठवड्यात लोक यायचे राहतात, म्हणून हे एक तरी घोकून ठेवावं.

व्याकरणाच्या दोन गोष्टींनी मला आधी छळलं, मग सवय झाली. सर्वनाम मधेच येतं: ‘पुट इट ऑफ’, ‘पुट ऑफ इट’ चालत नाही. आणि पुढे क्रियापद आलं तर ते ‘इंग’ लावून: ‘पुट ऑफ रायटिंग’, ‘टू राइट’ नव्हे. ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण मात्र फक्त मन उडवणाऱ्या किंवा अस्वस्थ करणाऱ्या गोष्टीला लागतं. पुढे ढकललेल्या सभेला ऑफ-पुटिंग म्हटलं तर सभाच मन उडवणारी होती असं समजतील, आणि तेही बहुधा खरंच असेल.

आता दुरुस्त्या. घरमालकाच्या वाक्यात मी ‘त्याने घरमालकाला पुढे ढकलले’ असं केलं होतं, म्हणजे सरळ मारामारीच. ते झालं, ‘त्याने सबबी सांगून घरमालकाची बोळवण केली.’ सुईत दोरा ओवणारी म्हातारी ‘डोन्ट पुट मी ऑफ’ म्हणते, तिथे ‘माझं लक्ष विचलित करू नकोस’ हे बरोबर असूनही म्हातारीच्या तोंडी बसेना. शेवटी ‘मधे मधे बोलू नकोस रे’ केलं. आता शब्दाचा अर्थ वाक्यात कुठेच नाही, पण म्हातारी जिवंत झाली. परगावच्या नोकरीबद्दल ऐकून नायकाचा ‘उत्साह मावळला’, ते एका झटक्यात सुचलं.

माशांच्या वासावर मात्र तीन फेऱ्या झाल्या. आधी लिहिलं, ‘त्या वासाने त्याची माशांवरची वासनाच उडाली.’ मला फार आवडलं होतं. बाई म्हणाल्या, “वास आणि वासना एका ओळीत नकोत, वाचणारा हसेल.” मग ‘किळस आली’ केलं, पण मूळ वाक्यात किळस एवढी नव्हती, नुसती नावड होती. शेवटी ‘त्या वासाने त्याला मासे नकोसे झाले’ यावर दोघांचं एकमत झालं. ‘नकोसं’ हा शब्द इंग्रजीत एका शब्दात सांगून दाखवा म्हणावं.

मजकूर छपाईला गेला. शेवटचं प्रूफ वाचताना एक वाक्य दिसलं, ‘होडीचा प्रवास पुढे ढकलण्यात आला.’ बाईंच्या पेन्सिलीतूनही सुटलं होतं. मूळ काढून बघितलं: ‘द बोट पुट ऑफ.’ होडी किनाऱ्यापासून सुटली, एवढंच. माझ्या अनुवादात प्रवास पुढे ढकलला गेला होता आणि पुढच्याच ओळीत नायक भर पाण्यात वल्ही मारत होता.