फियाटचा चोक आणि माझं शंभर ऑक्टेन

जुन्या गाडीची आरसी, म्हणजे नोंदणी, रिन्यू झाली. फॉर्म, इन्शुरन्स, फिटनेस कुठंच अडलं नाही. अडलो एमिशनला, म्हणजे धुराच्या तपासणीला, आणि ते आठवलं की अजून डोकं तापतं.

वडिलांची १९८५ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. आमच्या घरी तिला फियाटच म्हणतात. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची आरसी दर ५ वर्षांनी वाढवावी लागते, त्याला एमिशन सर्टिफिकेट पाहिजे. इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला सीओ, म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड, ३ टक्क्यांपर्यंत चालतो. आमचा आला ४.८. पंपाच्या कडेला व्हॅनमध्ये बसलेल्या पोरानं सायलेन्सरातली नळी ओढून काढली आणि म्हणाला, "इंजिन गेलंय. चांगलं पेट्रोल घाला. नाळे बर्री." म्हणजे उद्या या. फी मात्र आजच.

चोर्ला घाट चढताना गाडी टकटक करायची, म्हणून मलाही पटलं. लिटरमागे ५० रुपयांहून जास्त मोजून शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरलं. टकटक गेली, सीओ ४.७! पोरगा पुन्हा "नाळे बर्री". तिसऱ्यांदा प्लग नवे टाकून गेलो, तेच. त्या दिवशी बेळगावात पाऊस, तासभर रांगेत, आणि हा गडी मोबाइलवर मॅच बघतोय.

शेवटी शहापूरच्या मिस्त्रीमामांकडे गेलो. त्यांनी एअर क्लीनर काढला, आत बॅटरी मारली. "चोक बघितलासा काय?" चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप. तिचा डॅशबोर्डावरचा नॉब पूर्ण आत होता, पण केबल गंजून अडकलेली, झडप पावभर मिटलेली. हवा कमी, पेट्रोल जास्त, मग सीओ चढणारच. "दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला देतायसा," मामा हसले.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली अवेळी न पेटण्याची ताकद. सीओचा त्याच्याशी संबंध नाही, तो हवा-पेट्रोलच्या मिश्रणावर. या इंजिनाचं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) आठच्या आसपास, त्याला साधं पेट्रोल पुरतं. टकटक होती ती ठिणगीचं टायमिंग पुढं गेल्यामुळं, म्हणजे ठिणगी लवकर पडत असल्यामुळं. महाग पेट्रोलानं ती फक्त झाकली. मामांनी प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, त्याच्यातल्या पॉइंटचा गॅप बसवला, मिश्रणाचा स्क्रू पाव आटा आत घेतला. चौथ्यांदा सीओ १.९.

टेस्टला गाडी गरम करूनच न्या, किमान पंधरा मिनिटं फिरवून. मी पहिल्यांदा थंडच नेली होती. आणि स्क्रू स्वतः पिळू नका. मी घरी पिळला होता, तेही मामांनाच निस्तरावं लागलं.

हां, एक राहिलंच. आताच्या ई-२०नं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलानं, जुने रबरी पाइप फुगतात. कार्बोरेटरजवळचा आमचा पाइप बोटानं दाबला तर पावासारखा मऊ लागला. तो त्याच दिवशी बदलला.