वाकलेला टायरॉड

मिस्त्रींनी जीपचा टायरॉड, म्हणजे पुढची दोन चाके एकमेकांना जोडून एकत्र वळवणारा दांडा, काढून टेबलावरच्या जाड काचेवर ठेवला, बोटाने हलकेच लोटला, आणि तो गडगडू लागताच त्याच्या मध्याखाली उजेडाची एक बारीक फट उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

रविवारी अंजनेरीच्या पायथ्याशी कच्च्या रस्त्यावर दगड लागला, तेव्हा नुसता खट्ट आवाज झाला होता. माझ्या जीपमध्ये हा दांडा आसाच्या पुढे असल्यामुळे पहिला मार तोच खातो, हे मला ठाऊक असूनही गाडी चालते आहे एवढ्यावर मी समाधान मानले. स्टिअरिंग मात्र सरळ रस्त्यावरही तिरके राहत होते. टायरांवर खडूच्या खुणा करून फीत लावली, तर पुढच्या दोन चाकांमधले अंतर त्यांच्या मागच्या कडेपेक्षा पुढच्या कडेला १४ मिलीमीटरने कमी भरले.

नवा दांडा यायला आठवडा लागणार होता, म्हणून मी म्हणालो, "तापवून सरळ करून द्या."

"करून देतो की, साहेब. पण मग कसारा घाटात तुमच्या गाडीत मी बसणार नाही."

तापवले की पोलादाचे पाणी उतरते आणि वाकल्या जागी केसाएवढी चीर असली तरी वरून दिसत नाही, हे त्यांनी नंतर शांतपणे सांगितले. मी नवा दांडा मागवला.

निघताना भिंतीला टेकवलेले, ताजा काळा रंग दिलेले तीन टायरॉड दिसले. ते नवे होते की सरळ केलेले, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते का?