तरवडाचं कुंपण लावलं त्याचा माझा अनुभव

आमचं रान सांगोल्याकडचं, वरवर माती आणि खाली नुसता मुरूम. बांधाला असं काहीतरी हवं होतं जे शेरडं खाणार नाहीत, पाणी मागणार नाही आणि दिसायला पण बरं असेल. म्हटलं तरवडच लावू, माळावरचं पिवळ्या फुलांचं झुडूप. चुलते म्हणाले, "ते लावत्यात व्हय कधी, आपोआप येतंय की." यायचं खरं, पण आता रस्ते रुंद झाले, माळ जेसीबीने सपाट झाले, आणि नवरात्रात घटाच्या माळेला चार फुलं आणायची तरी गाडी काढावी लागते.

आधी नर्सरीत विचारलं. तिथे "देशी कॅसिया" म्हणून पिवळ्या फुलाचं कायतरी समोर ठेवलं, म्हटलं हे नव्हे. पिवळी फुलं बघून काहीच कळत नाही, टाकळ्याची पण पिवळीच असतात. तरवड ओळखायचा तर पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे बघायचं, दोन्ही बाजूला कानाच्या पाळीसारखी गोल मोठी उपपर्णं असतात. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा, त्यातलं ऑरिक्युलाटा त्यावरूनच आलंय.

मग रस्त्याकडेच्या जुन्या झुडपांवरनं शेंगा आणल्या. वाळलेली शेंग बोटभर लांब, चपटी, कागदासारखी, हातात घेतली की कुरकुरते आणि आत प्रत्येक बी आपापल्या खणात. बऱ्याच बियांना बारीक भोकं होती, आत किडा, तसलं सगळं बाजूला काढलं.

खरी कटकट उगवणीची. बियाचं टरफल इतकं टणक की साध्या पाण्यात भिजवूनही ते तसंच्या तसं राहतं. मी दोन्ही प्रकार केले, काही बी पॉलिश पेपरवर एका कडेने घासलं आणि काही उकळतं पाणी गॅसवरून उतरवून त्यात टाकून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी जे फुगलंय ते लावायचं, जे तसंच आहे त्याला परत गरम पाणी. घासलेलं जास्त फुगलं पण बोटं पार सोलून निघतात, जास्त बी असेल तर गरम पाणीच बरं.

पिशव्या उंच घ्या हे आवर्जून सांगतो, कारण रोप वर वीतभर दिसतं तेव्हा सोटमूळ खाली पिशवीच्या तळाला पोचलेलं असतं, आणि ते तिथे गोल फिरलं की झाड पुढे रखडतं. मुरूम, माती आणि अगदी थोडं शेणखत, बास. थोडं फुगलेलं बी मी पहिल्या पावसात थेट बांधावर पण टोकलं होतं, आणि खरं सांगायचं तर तीच झाडं पिशवीतल्यांना मागे टाकून गेली.

कुणीतरी म्हणालं शेंगवर्गातलं आहे म्हणजे जमिनीला नत्र देईल. तसं नाही हां, या सेन्ना गटातल्या झाडांच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी बहुतेक येतच नाहीत, त्यामुळे त्या आशेने लावू नका. पूर्वी सालीला मात्र किंमत होती, चामडं कमवायला लागायची.

पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या आल्या. चुलते पंप घेऊनच निघाले होते, मी अडवलं. त्या पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या, पानं खातात पण झाड परत फुटतं.

फुलं दुसऱ्या वर्षी आली आणि मी बांधावर उकिडवा बसून बघत राहिलो. दहा पुंकेसर, त्यातले वरचे तीन वांझ, खालचे मोठे. मध नसतोच. काळा भुंगा येतो, पुंकेसरांना मिठी मारतो आणि एकदम आवाज बदलून जोरात थरथरतो, तेव्हा टोकाच्या बारीक छिद्रातून पराग त्याच्या पोटावर उडतो. मोबाईलमध्ये व्हिडिओ काढलाय पण आवाज नीट आला नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या ओळखीच्या एका ताईंनी बतुकम्मा या तेलुगू लोकांच्या फुलांच्या सणासाठी फुलं मागितली. त्या ह्याला तंगेडू म्हणतात, तेलंगणाचं तर ते राज्यफूलच आहे. पिशवी भरून दिली तरी बांध पिवळाच दिसत होता.

आता शेंगा उतरवल्या की वरून छाटणी करणार, नाहीतर झुडूप खालून उघडं पडतं आणि कुंपण म्हणून काही उपयोगाचं राहत नाही. या वेळी पिशव्या आणणार नाही, सगळं बी थेट बांधावरच.